आयरिश खासदाराची भाषणे कशी वाचावीत: तटस्थता, समाजमाध्यमे आणि पवनऊर्जा

प्रश्न असा आहे: आयर्लंडच्या संसदेतला एक सदस्य तटस्थता, समाजमाध्यमांवरचे नियंत्रण आणि पवनऊर्जा या तिन्ही विषयांवर भरपूर बोललेला दिसतो. संसदेच्या संकेतस्थळावर त्याच्या नावाने पानेच्या पाने निघतात. त्यात काम किती आणि नुसते बोलणे किती, हे बाहेरच्या वाचकाने कसे ओळखायचे?

पानांची संख्या मोजून काहीच कळत नाही. या तीन विषयांत निर्णयाची किल्ली तीन वेगळ्या हातांत आहे. तटस्थतेची बरीचशी किल्ली खुद्द सभागृहाच्या हातात आहे, समाजमाध्यमांची ब्रुसेल्स (म्हणजे युरोपीय संघ) आणि एका स्वायत्त नियामकाकडे, आणि पवनचक्क्यांची नियोजनाच्या नियमावलीत व जिल्ह्याच्या विकास आराखड्यात. बोलणारा ती किल्ली ओळखून बोलतो का, एवढे पाहिले तरी अर्धे उत्तर मिळते.

आधी नोंदींविषयी. खालच्या सभागृहाला तिथे डॉल म्हणतात आणि सदस्याला टीडी. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीपासून १७४ टीडी आहेत. टीडीच्या नावावर चार प्रकारच्या गोष्टी साठतात: भाषणे, तोंडी व लेखी प्रश्न, विधेयके व दुरुस्त्या, आणि मतदान. यांपैकी लेखी प्रश्नांच्या आकड्यावर अजिबात विसंबू नये. एका दिवसात सगळ्या सदस्यांचे मिळून शेकडो लेखी प्रश्न निघतात, बरेचसे कार्यालयातले सहायक लिहितात, आणि एकच प्रश्न दोन शब्द बदलून सहा मंत्र्यांना धाडणे ही नेहमीची रीत आहे. पंतप्रधानांना समोरासमोर विचारायचे प्रश्न गटाच्या आकारानुसार वाटले जातात. त्यामुळे मोठ्या पक्षातला मेहनती सदस्य तिथे क्वचित दिसतो आणि लहान गटातला सारखा. ही वेळवाटणी किती नाजूक आहे ते जानेवारी २०२५ मध्ये दिसले. सरकारला पाठिंबा देणाऱ्या अपक्षांनी विरोधकांच्या वाट्याची बोलण्याची वेळ मागितली, गदारोळ झाला आणि पंतप्रधानांची निवड एक दिवस लांबली.

मतदानाच्या यादीत टॉ म्हणजे होय, नील म्हणजे नाही, आणि स्टीन म्हणजे तटस्थ राहिलेले. नाव तिन्हींत नसेल तर लगेच ‘पळाला’ असा निष्कर्ष काढू नका. मंत्री परदेशी असला तर विरोधी पक्षातला कोणीतरी ठरवून मत देत नाही, म्हणजे दोन्ही बाजूंचे एकेक मत वजा होते. शिवाय आवाजी मतदानाने निकाल लागला आणि कोणी मतविभागणी मागितली नाही, तर कोणाचेच नाव नोंदले जात नाही.

दुरुस्त्या वाचताना एक खोड लक्षात ठेवावी लागते. राज्याच्या तिजोरीवर भार टाकणारी दुरुस्ती सरकारबाहेरच्या सदस्याला मांडता येत नाही, ती नियमबाह्य ठरवली जाते. खासगी विधेयकातही पैशाचा प्रश्न आला की राज्यघटनेच्या कलम १७ नुसार सरकारचा संदेश लागतो. तो आला नाही तर विधेयक दुसऱ्या टप्प्यानंतर, म्हणजे तत्त्वावरच्या चर्चेनंतर, पडून राहते. म्हणून विरोधक ‘मंत्र्याने बारा महिन्यांत अहवाल ठेवावा’ अशा दुरुस्त्या देतात. नवख्या वाचकाला त्या पुचाट वाटतात. प्रत्यक्षात विषय जिवंत ठेवण्याचा तो एकमेव कायदेशीर मार्ग असतो. उलट एखाद्याने घसघशीत विधेयक मांडले आणि ते वर्षानुवर्षे दुसऱ्या टप्प्यावर अडकले, तर ते पुढे नेण्याचा त्याचा इरादा होता की फक्त बातमी हवी होती, हे त्याने नंतर त्याविषयी काय विचारले यावरून कळते.

आता तटस्थता. आयर्लंडच्या राज्यघटनेत ‘तटस्थ’ असे कुठेही म्हटलेले नाही. कलम २८ म्हणते की डॉलच्या संमतीशिवाय युद्ध पुकारता येणार नाही आणि युद्धात भाग घेता येणार नाही. कलम २९ मध्ये शांतता व वाद सामोपचाराने मिटवण्याची तत्त्वे आहेत. २००२ मध्ये त्यात एक पोटकलम जोडले गेले: युरोपीय संघाने सामायिक संरक्षण स्थापन करायचा निर्णय घेतला, तर आयर्लंड त्यात सामील होणार नाही. हे युरोपीय संघाच्या नीस करारावरच्या दुसऱ्या सार्वमताबरोबर आले. २००१ मध्ये मतदारांनी करार फेटाळला होता आणि तटस्थतेची धास्ती हे त्यामागचे एक कारण होते. बाकी सगळे धोरण आहे. शॅनन विमानतळावरून अमेरिकी सैनिक जाण्याविरुद्ध २००३ मध्ये हायकोर्टात खटला गेला, तेव्हाही तटस्थता हा घटनेतून लागू करता येणारा नियम ठरला नाही. तेव्हा ‘आपल्या घटनात्मक तटस्थतेचा भंग झाला’ असे जो टीडी छातीठोकपणे सांगतो, त्याने तयारी केलेली नाही असे खुशाल समजा. घटनेत तटस्थता घालावी असे विधेयक मांडणारा टीडी वेगळा. त्याला पोकळी कुठे आहे ते माहीत आहे.

खरा वाद तिहेरी कुलुपाचा आहे. बारापेक्षा जास्त सैनिक परदेशी शांतिमोहिमेवर पाठवायचे तर तीन गोष्टी लागतात: संयुक्त राष्ट्रांचा आदेश, मंत्रिमंडळाचा निर्णय आणि डॉलचा ठराव. हे १९६० आणि २००६ च्या संरक्षण दुरुस्ती कायद्यांत आहे. मार्च २०२५ मध्ये सरकारने नव्या विधेयकाची रूपरेषा मंजूर केली. तीत संयुक्त राष्ट्रांच्या आदेशाची अट काढायची, सनदेच्या तत्त्वांशी सुसंगत असले की पुरे म्हणायचे, आणि बाराची मर्यादा पन्नासवर न्यायची असे आहे. सरकारची बाजू साधी आहे: सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांपैकी कोणीही नकाराधिकार वापरून आयरिश सैनिक कुठे जातील ते ठरवू शकतो, आणि २०१४ नंतर परिषदेने नवी शांतिमोहीम मंजूर केलेली नाही. जुना दाखला मॅसिडोनियाचा देतात. चीनने १९९९ मध्ये तिथल्या मोहिमेची मुदतवाढ अडवली, आणि २००३ मध्ये युरोपीय संघाच्या मोहिमेत आदेशाअभावी आयर्लंडला जाता आले नाही.

विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र बहुतेक भाषणांत येतच नाही. २००६ च्या कायद्यातली व्याख्या फक्त सुरक्षा परिषदेचे नाव घेत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या, जिथे नकाराधिकार नसतो, ठरावाने स्थापन झालेली, मान्य केलेली किंवा पाठिंबा दिलेली मोहीमही तीत बसते. १९५६ मध्ये सुएझच्या वेळी आणीबाणी दल महासभेनेच उभारले होते. म्हणजे नकाराधिकाराला वळसा घालणारी वाट कायद्यात आधीच आहे. ती आज चालण्याजोगी आहे का, एवढाच वाद उरतो. महासभेचा मुद्दा उचलून मंत्र्याला त्यावर उत्तर द्यायला लावणारा टीडी कायदा वाचून आलेला असतो. ‘आमची मुले नाटोच्या युद्धात मरतील’ किंवा ‘पुतिनच्या हातात नकाराधिकार का ठेवता’ ही दोन्ही वाक्ये मतदारांसाठी असतात, कायद्यासाठी नाहीत.

पुढे सैन्याच्या ताकदीचा प्रश्न येतो आणि तिथे दोन्ही बाजू सोयीने गप्प होतात. संरक्षणावर आयर्लंड सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे पाव टक्का खर्च करतो, युरोपीय संघात अगदी तळाशी. संयुक्त राष्ट्रांच्या लेबनॉनमधल्या मोहिमेत आयरिश सैनिक, मधले खंड सोडता, १९७८ पासून आहेत आणि सुरक्षा परिषदेने त्या मोहिमेला शेवटची मुदत दिली आहे ती डिसेंबर २०२६ अखेरची. एवढी मोठी तैनाती संपल्यावर सैन्य कुठे आणि कशासाठी पाठवायचे, रडार आणि गस्ती जहाजांवरचे मनुष्यबळ यांचे काय, यावर विचारलेला एक नेमका लेखी प्रश्न दहा आवेशपूर्ण भाषणांपेक्षा जास्त माहिती बाहेर काढतो.

मराठी वाचकासाठी जाता जाता: युरोपीय संघाच्या संरक्षण सहकार्य योजनेत, म्हणजे पेस्कोत, आयर्लंड डिसेंबर २०१७ मध्ये गेला तेव्हा पंतप्रधान लिओ वराडकर होते, ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. त्या वेळच्या चर्चेची नोंद जरूर वाचावी. आजचे सगळे युक्तिवाद तिथे पहिल्या खर्ड्यात सापडतात.

समाजमाध्यमांकडे वळू. मेटा, गूगल, टिकटॉक, एक्स या सगळ्यांची युरोपीय मुख्यालये डब्लिनमध्ये आहेत. म्हणून आयरिश टीडीला वाटते की आपण कायदा केला की झाले. तसे होत नाही. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू झाला आणि त्याने हे क्षेत्र जवळपास व्यापून टाकले. संघात महिन्याला साडेचार कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या मंचांवर जोखमीचे मूल्यमापन आणि ती कमी करण्याची जी मोठी बंधने आहेत, त्यांची अंमलबजावणी एकट्या युरोपीय आयोगाकडे आहे. दंड जगभरच्या उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत. डब्लिनमधला नियामक, कोमिशून ना म्यान, १५ मार्च २०२३ ला स्थापन झाला. त्याच्याकडे उरते ते बाकीची बंधने, तक्रार यंत्रणा, आणि आयरिश कायद्याखालची ऑनलाइन सुरक्षा संहिता. ही संहिता फक्त व्हिडिओ देवाणघेवाणीच्या नेमून दिलेल्या मंचांना लागते. तिचा सर्वसाधारण भाग १९ नोव्हेंबर २०२४ पासून आणि वयपडताळणीसारखी तपशीलवार बंधने २१ जुलै २०२५ पासून लागू झाली. दंड दोन कोटी युरो किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांत जे जास्त तिथपर्यंत. एक्सने संहितेला हायकोर्टात आव्हान दिले आणि जुलै २०२५ मध्ये हरले.

यात मुलांच्या डेटाचा विषय आला की तिसरेच कार्यालय पुढे येते, डेटा संरक्षण आयोग. टिकटॉकला सप्टेंबर २०२३ मध्ये ३४.५ कोटी युरोंचा दंड त्याने केला, इन्स्टाग्रामला त्याआधीच्या वर्षी ४०.५ कोटींचा. ‘नियामक झोपला आहे’ म्हणणाऱ्याने कोणता नियामक ते सांगायला हवे. सभागृहात हे तीन दरवाजे सर्रास एकमेकांत मिसळतात आणि मंत्री सुखाने उत्तर देतो: ‘हा स्वायत्त संस्थेच्या कामकाजाचा प्रश्न आहे, मला त्यात भूमिका नाही.’ चर्चा तिथेच संपते.

शिफारस करणाऱ्या अल्गोरिदमचे उदाहरण घ्या. वापरकर्त्याची टेहळणी करून बेतलेली शिफारस मुळातच बंद असावी, ज्याला हवी त्याने चालू करावी, अशी सूचना संहितेच्या मसुद्याच्या वेळी पुढे आली होती. अंतिम संहितेत ती राहिली नाही. कारण युरोपीय कायद्याच्या कलम ३८ नुसार मोठ्या मंचांनी बेतलेली नसलेली किमान एक निवड द्यायची आहे, ती आपोआप चालू असावी असे तो म्हणत नाही. आणि त्याच विषयावर एका देशाने जास्त कडक नियम केला की तो संघाच्या नियमाशी भिडतो. वर आणखी एक खाच आहे. माहिती सेवांवर नवा तांत्रिक नियम करायचा तर तो आधी युरोपीय आयोगाला कळवून किमान तीन महिने थांबावे लागते. न कळवता केलेला नियम न्यायालयात लागू करता येत नाही. ‘उद्या विधेयक आणा, परवा अल्गोरिदम बंद करा’ म्हणणारा टीडी ही पायरी विसरलेला असतो. सोळा वर्षांखालच्यांना बंदीच्या मागणीचेही तेच. ऑस्ट्रेलियाचा दाखला सगळे देतात, पण ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर ब्रुसेल्स नाही.

मग टीडीने करायचे काय? समितीत नियामकाला बोलावून ठरावीक कलमाखाली किती तपास उघडले ते विचारता येते. अर्थसंकल्पात नियामकाची कर्मचारीसंख्या किती मंजूर आणि किती भरली ते विचारता येते. २०२६ च्या उत्तरार्धात संघाचे अध्यक्षपद आयर्लंडकडे असल्याने अजेंड्यावर काय ठेवणार, हा प्रश्न मंत्र्याला टाळता येत नाही. कारण तो नियामकाचा नाही, सरकारचाच विषय आहे. असे प्रश्न सापडले तर त्या टीडीला विषय समजला आहे.

पवनऊर्जेत सगळ्यात जास्त गफलत होते आणि सगळ्यात जास्त तपशीलही तिथेच आहे. बहुतेक टीडींची भाषणे मतदारसंघातल्या एखाद्या प्रकल्पाविरुद्ध असतात. नियोजन कायदा २००० च्या कलम ३० ने मंत्र्याला विशिष्ट प्रकरणात हात घालायला बंदी केली होती. ‘अमक्या गावातला प्रकल्प थांबवणार का?’ या प्रश्नाला त्यामुळे एकाच साच्याचे उत्तर येते. टीडीलाही ते माहीत असते. प्रश्न स्थानिक वर्तमानपत्रासाठी असतो.

काम करायची जागा म्हणजे नियमावली. २००६ ची पवनऊर्जा मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की घरापासून ५०० मीटरपलीकडे आवाजाचा त्रास सहसा होणार नाही. आवाजाची मर्यादा दिवसा ४५ डेसिबल किंवा पार्श्वभूमीच्या आवाजापेक्षा ५ जास्त, रात्री ४३. आणि ५०० मीटरच्या आतल्या घरांवर पात्यांची फिरती सावली वर्षाला ३० तास किंवा दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त पडू नये. तेव्हाच्या पवनचक्क्या आजच्यापेक्षा खूप बुटक्या होत्या. सुधारणेचे प्रस्ताव २०१३, २०१७ आणि २०१९ मध्ये आले. २०१९ चा मसुदा म्हणतो: पात्याच्या टोकापर्यंतच्या उंचीच्या चौपट अंतर, किमान ५०० मीटर, आणि सावली शून्य. त्यानंतरही वर्षानुवर्षे २००६ चाच दस्तऐवज चालत राहिला.

हे चौपट अंतर ऐकायला किरकोळ वाटते. १८५ मीटर उंचीच्या पवनचक्कीला ते ७४० मीटर होते. घराभोवती ५०० मीटरचे वर्तुळ सुमारे ७८.५ हेक्टर जागा बाद करते, ७४० मीटरचे १७२ हेक्टर, म्हणजे दुपटीहून जास्त. आयर्लंडच्या ग्रामीण भागात घरे वाडीसारखी एकवटलेली नसून रस्त्याकडेने विखुरलेली आहेत. त्यामुळे ही वर्तुळे एकमेकांना जोडून अख्खे तालुकेच्या तालुके बाद होऊ शकतात. कोणी दहापट अंतर मागत असेल तर तो जमिनीवरच्या पवनऊर्जेवर जवळपास बंदी मागतो आहे. मागायला हरकत नाही, पण त्याने तसे सरळ म्हणावे, आणि २०३० पर्यंतचे जमिनीवरचे ९ गिगावॉटचे लक्ष्य कशाने भरणार तेही सांगावे.

आवाजाच्या मापनातली मेख याहून महत्त्वाची आहे. पवनचक्कीचा आवाज मोजताना दहा मिनिटांतला नव्वद टक्के वेळ ओलांडलेला स्तर धरतात. गाडी गेली, कुत्रा भुंकला तर ते बाजूला पडावे म्हणून. पण पात्यांचा ‘धप्प धप्प’ असा चढउतार, ज्याने माणसाची झोप मोडते, तोही याच चाळणीतून गळून जातो. आकडा ४३ च्या खाली आणि घरात राहणे अशक्य, अशी स्थिती येते. वेक्सफर्ड जिल्ह्यातल्या दोन पवनचक्क्यांच्या प्रकरणात हायकोर्टाने मार्च २०२४ मध्ये या आवाजाला उपद्रव ठरवले. त्या निकालानंतर ‘मार्गदर्शक तत्त्वांतल्या आवाजाच्या भागाचा सुधारित मसुदा कोणत्या तारखेला हाती आला, चढउतारासाठी वेगळी वजावट आहे का, प्रकाशन कधी?’ असे विचारणारा टीडी कामाचा. तारखा मागितल्या की मंत्र्याला पुढच्या वेळी त्याच तारखांना उत्तर द्यावे लागते.

दलदलीची पीट जमीन हा दुसरा धडा, गॉलवे जिल्ह्यातल्या डेरीब्रायनचा. तिथे ७० पवनचक्क्यांच्या बांधकामात ऑक्टोबर २००३ मध्ये पीटचा उतार घसरला. पर्यावरण परिणामाचे मूल्यमापन नीट झालेच नव्हते. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये आयर्लंडला दोषी धरले. सरकारने पुढे काही केले नाही म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये ५० लाख युरो दंड आणि वर दररोज १५ हजार. २०२२ मध्ये चक्क्या बंद झाल्या तोवर दंड १.७ कोटी युरोंच्या पुढे गेला होता. पवनऊर्जेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे प्रकरण लपवू नये. मूल्यमापनाची पायरी गाळली की प्रकल्प लवकर होत नाही, अठरा वर्षांनी बंद होतो.

मोठ्या प्रकल्पांची वाटही वेगळी. २००० च्या कायद्याखाली २५ पेक्षा जास्त पवनचक्क्या किंवा ५० मेगावॉटपेक्षा जास्त क्षमता असली की अर्ज जिल्हा परिषदेकडे न जाता थेट राष्ट्रीय नियोजन मंडळाकडे जातो, ज्याचे जून २०२५ पासून आयोगात रूपांतर झाले. म्हणूनच ४९ मेगावॉटच्या आसपासचे प्रकल्प दिसतात तेव्हा थोडे बारकाईने पाहावे.

शेजाऱ्यांच्या मोबदल्याचा हिशेब करून पाहणारे टीडी विरळा. सरकारी लिलावातून आधार मिळालेल्या प्रकल्पाने दर मेगावॉट-तासाला २ युरो स्थानिक निधीत द्यायचे असतात, आणि एक किलोमीटरच्या आतल्या घरांना वर्षाला किमान हजार युरो. ५० मेगावॉटचा प्रकल्प २८ टक्के क्षमतेने चालला तर वर्षाला सुमारे १,२२,६०० मेगावॉट-तास, म्हणजे निधी अंदाजे २,४५,००० युरो. पण लिलावाबाहेर खासगी कंपनीला, समजा डेटा केंद्राला, वीज विकणाऱ्या प्रकल्पाला ही अट त्याच रूपात बांधत नाही. डेटा केंद्रे देशाच्या मोजलेल्या विजेपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त खातात, हे लक्षात घेतले की ही फट किती मोठी होऊ शकते ते कळते.

समुद्रातल्या पवनऊर्जेवरची भाषणे थोडक्यात तपासता येतात. २०३० साठी लक्ष्य ५ गिगावॉटचे, आणि समुद्रात उभे काय तर आर्क्लोजवळच्या २००४ च्या सात पवनचक्क्या, एकूण २५.२ मेगावॉट. २०२३ च्या पहिल्या लिलावात चार प्रकल्प मेगावॉट-तासाला सरासरी ८६.०५ युरो दराने जिंकले. त्यांपैकी गॉलवेच्या किनाऱ्याजवळचा स्केर्ड रॉक्स २०२५ मध्ये विकासकाने सोडून दिला. टीडी फक्त गिगावॉट मोजत असेल आणि बंदर, जहाजे व विजेचे जाळे यांबद्दल चकार शब्द काढत नसेल, तर पुढे वाचायची गरज नाही.

आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक व्यावहारिक गोष्ट. भारतीय नागरिकाला डॉलसाठी मत देता येत नाही, पण स्थानिक निवडणुकीत देता येते. आणि पवनचक्क्यांना कुठली जागा मोकळी, कुठली बंद, याचा नकाशा असतो तो जिल्हा विकास आराखड्यात, जो नगरसेवक मंजूर करतात. प्रकल्पाचा अर्ज जिल्हा परिषदेकडे आला तर पाच आठवड्यांच्या आत २० युरो भरून कोणालाही हरकत किंवा पाठिंबा नोंदवता येतो. ती नोंदवली नसेल तर सहसा पुढे अपील करता येत नाही. टीडीला पत्र लिहायचेच असेल तर प्रकल्पाचे नाव कमी आणि नियमावलीतला परिच्छेद जास्त लिहा. तोच परिच्छेद तो तसाच्या तसा लेखी प्रश्नात घालू शकतो.